फितीवरचं बोलणं

"आवाज वाढवा," हुदलीकर सर म्हणाले.

मी टीव्हीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. विभागाच्या त्या खोलीत खटाखट, खटाखट असा आवाज भरून गेला. पडद्यावर माझी आई अप्पांना काहीतरी पटवून देत होती आणि अप्पा मान हलवून तिचं म्हणणं खोडून काढत होते.

"हे काय वाजतंय?"

"शेजारचे यंत्रमाग, सर. इचलकरंजीत ते बंद करता येत नाहीत."

"आणि हे दोघं?"

"माझे आईवडील. आत्याच्या लग्नात पंगतीत कोण रुसून बसलं होतं, यावर वाद चाललाय."

"मला काही ऐकू येत नाही."

"त्यांनाही येत नाही, सर."

शेजारी बसलेल्या बेळवी मॅडमनी हसू दाबलं. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. हे लक्षण चांगलं नाही, हे आमच्या वर्गात सगळ्यांना माहीत होतं.

"दिवटे, नियम वाचलाय तुम्ही?"

"वाचलाय, सर."

"मग सांगा."

"लघुप्रबंधासोबत मूळ भाषकांच्या बोलण्याची ध्वनिफीत जोडणं बंधनकारक आहे. ती नसेल तर लघुप्रबंध तपासायला जाणार नाही."

"पाठ आहे म्हणजे. मग ध्वनिफीत कुठंय?"

मी पडद्याकडे बोट दाखवलं.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. मी भाषाविज्ञानाच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या आधीच्या मुलांना नुसते लेखी पेपर असायचे. हुदलीकर सर विभागप्रमुख झाले आणि त्यांनी नियमावली बदलून घेतली. प्रत्येकानं एक भाषा किंवा बोली प्रत्यक्ष माणसांत जाऊन अभ्यासायची आणि त्यावर लघुप्रबंध लिहायचा. पहिल्याच वर्षी दोन मुलांनी वसतिगृहाच्या खाटेवर बसून एका डोंगरी खेड्याची अख्खी बोली रचून काढली. बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच भागातले निघाले. विभागाची शोभा झाली. तेव्हा सरांनी ध्वनिफितीचं कलम घातलं. म्हणजे नियम वेडगळ नव्हता. चोरी रोखायला लावलेलं ते कुलूप होतं, आणि नेमकी मी त्यात अडकले होते.

माझे आई आणि अप्पा दोघंही जन्मापासून बहिरे. दोघं बहिऱ्यांच्या शाळेत भेटले, दोघांच्या घरच्यांनी लग्न लावून दिलं. अप्पा मागावर कामाला, आई घरी चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. मला ऐकू येतं. मी आजीकडून आणि गल्लीतून मराठी शिकले, पण घरात बोलले ती हातांनी. एम.ए.ला आल्यावर पहिल्यांदा मला कळलं, की घरात बिनदिक्कत वापरतो त्या गोष्टीला व्याकरण असतं. 'नाही' हा शब्द आमच्यात शेवटी येतो. कोण, कुठं, कशाला हेही शेवटी येतात. नुसत्या भुवया वर केल्या की सरळ वाक्याचा प्रश्न होतो. हे मी बेळवी मॅडमना सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीत पुढं सरकून म्हणाल्या, "हेमा, यावरच लिही." मग मी लग्नाचं चित्रीकरण करणारा एक जण कॅमेऱ्यासह गाठला. त्याला सवय नवरीच्या चेहऱ्यावर जाऊन थांबायची. "दादा, हात सोडू नका हो," असं मी त्याला दिवसभर ओरडून सांगत होते.

सरांनी टीव्ही बंद केला.

"मी इचलकरंजीला गेलोय," ते म्हणाले. "मागावर सगळेच खुणा करतात. त्या गोंगाटात दुसरं काय करणार? मग ती पण भाषा म्हणायची?"

"नाही, सर. ती नाही."

"का?"

"मागावर धागा तुटला, चहा आला, मालक आला, एवढंच सांगता येतं. 'काल मालक आला असता तर धागा तुटल्याचं कळलं असतं,' हे मागावरच्या खुणांनी सांगता येत नाही. अप्पांना येतं. तिथल्या कामगारांना अप्पा काय म्हणतात ते अर्धं कळतं, आणि अप्पांना वाटतं, ही माणसं बोबडी आहेत."

 सर कागदपत्रं गोळा करत म्हणाले, "बघू काय करता येतं ते."

ते शब्दाला जागले. आठवड्याभरात त्यांनी बोलावून घेतलं. दक्षिणेतल्या एका संशोधन संस्थेत माझी निवड झाली होती. जुलैत रुजू व्हायचं, त्याआधी पदवी हातात हवी. सरांना ते ठाऊक होतं. त्यांनी माझ्यासमोर टाइप केलेला एक ठराव ठेवला. 'विद्यार्थिनीचे पालक मूकबधिर असल्याने विशेष परिस्थिती लक्षात घेऊन सहानुभूतिपूर्वक ध्वनिफितीच्या अटीतून सूट देण्यात यावी.'

"कुलगुरू सही करतील," सर म्हणाले. "मी बोललोय. तुमचा निकाल वेळेवर लागेल. तुम्ही फक्त अर्ज द्या."

बेळवी मॅडमनी माझा खांदा दाबला. मी सरांचे आभार मानले. खरंच मानले. त्या दिवशी एसटीत बसले तेव्हा मी खुशीत होते. हातकणंगले मागं पडलं आणि मनात यायला लागलं, की हे घरी सांगायचं कसं? सूट सोपी होती. 'सहानुभूतिपूर्वक'ला आमच्यात नेमकी खूण मला आठवेना, आणि जी आठवत होती ती वापरवेना.

अप्पा नुकते पाळीवरून आले होते. केसांवर कापसाचा भुरा. आमच्यात त्यांचं नावच ते आहे, केसांवरून भुरा झटकल्यासारखा हात. आमच्या भाषेत तू आणि तुम्ही असा फरक नाही, बोट दाखवलं की झालं. मराठीत लिहिताना मी त्यांना 'तुम्ही' म्हणते, एवढंच.

मी सगळं सांगितलं. ती खूणही शेवटी केली. बिचारा, गरीब, कीव येते अशी.

"कोण बिचारा?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही. आणि आई."

मला वाटलं चिडतील. ते हसले. खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशातून त्यांनी रेल्वेच्या सवलतीचं प्रमाणपत्र काढून दाखवलं.

"हे बघ. मी घेतो. स्टेशनवरचा बाबू पण बिचारा म्हणतो. म्हणू दे. तिकीट स्वस्त पडतं. तू पण घे. नोकरीवर जा. भांडण कशाला?"

आईनं स्वयंपाकघराच्या दारातून मान डोलावली. घे म्हणाली.

मी दोघांकडे बघितलं. आतापर्यंत जे नुसतं टोचत होतं ते तेव्हा हातात आलं, अगदी शब्दशः.

"तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही सवलत घेता," मी म्हणाले. "मला ऐकू येतं. मला कशाची सवलत?"

अप्पांनी प्रमाणपत्र खाली घेतलं.

"ते म्हणतात, फितीत बोलणं नाही, तरी चालवून घेऊ. फितीत बोलणं आहे. तुम्ही दोघं तासभर भांडलात त्यात. मी अर्ज दिला तर माझ्याच सहीनं लिहून दिल्यासारखं होईल, की माझे आईबाप बोलत नाहीत."

अप्पांनी प्रमाणपत्र पुन्हा खिशात घातलं. खिशाची घडी नीट केली. मग वळून म्हणाले, "नोकरी गेली तर?"

"दुसरी बघीन."

"मग भांड. नीट भांड, अर्धवट नको." आणि आईकडे वळून, मला दिसेल असं पण दिसू नये असा आव आणून, "तुझ्यावर गेलीय."

सोमवारी मी ठराव परत केला. सरांना वाटलं, ठरावात काही चूक राहिलीय.

"सर, मला सूट नको. नियम बदला."

बेळवी मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"एका विद्यार्थिनीसाठी विद्यापीठ नियम बदलत नाही," सर म्हणाले.

"माझ्यासाठी नकोच. नियमात फक्त 'ध्वनिफीत' आहे. तिथं 'ध्वनिफीत किंवा चित्रफीत' करा. पुढच्या वर्षी कुणी दुसरं येईल."

"जुलै तुमच्या हातातून जाईल. अभ्यासमंडळ, मग विद्या परिषद. दिवाळी उजाडेल."

"उजाडू दे, सर."

"हट्टी आहात." सरांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "ठीक आहे. मग मी पण हट्टी होतो. ध्वनिफीत मी कशाला घातली? विद्यार्थ्यानं जे लिहिलंय ते तिसऱ्या माणसाला ताडून बघता यावं म्हणून. कातकरी बोलीची फीत असेल तर मी कातकरी माणूस बोलावून ऐकवीन. तुमची ही फीत कोण तपासणार? बोलणारे तुमचे आईवडील, अर्थ लावणार तुम्ही. तुम्ही म्हणाल ती पूर्व. उद्या कुणी हात हलवून काहीही म्हणेल आणि मला ते भाषा म्हणून मान्य करावं लागेल. याला उत्तर आहे तुमच्याकडे?"

आजवर मला सगळे 'हात म्हणजे भाषा का' असं विचारत आले होते. हा प्रश्न खरा होता. मला सर पहिल्यांदाच आवडले.

"आहे," मी म्हणाले. "माझ्या आईवडिलांना कधी न भेटलेला बहिरा माणूस आणा. त्याला फीत दाखवा. मी त्या खोलीत एक बोटही हलवणार नाही."

अभ्यासमंडळाची सभा जूनमध्ये झाली. लांबच्या एका शहरातल्या बहिऱ्यांच्या शाळेतून भास्कर ओतारी नावाचे शिक्षक आले. ते शिवणकाम शिकवायचे, स्वतः बहिरे. त्यांचं बोलणं मराठीत सांगायला शाळेच्या मुख्याध्यापिका शेडबाळेबाई बरोबर होत्या. माझं या दोघांशी आधी कधी बोलणं झालेलं नव्हतं. सरांनी मला शेवटच्या रांगेत बसवलं आणि म्हणाले, "दिवटे, हात मांडीखाली." मी खरोखरच हातांवर बसले. माझा लघुप्रबंध सरांच्या पुढ्यात उघडा होता. त्यात फितीतल्या प्रत्येक वाक्याचं भाषांतर होतं.

फीत सुरू झाली. ओतारी पुढं वाकून बघत होते. थोड्या वेळानं ते हसायला लागले.

"काय म्हणतात?" सरांनी विचारलं.

शेडबाळेबाई म्हणाल्या, "ते म्हणतात, नवरा सांगतोय की मेव्हणा रुसला होता. बायको म्हणतेय, मेव्हणा नव्हे, मेव्हण्याचा भाऊ. जिलबी संपली म्हणून."

सरांनी पानावर बोट ठेवलं. "पुढे."

पुढेही जुळलं. घराचं छप्पर गळलं तो किस्सा, अप्पांच्या मालकाची नक्कल, सगळं. काही ठिकाणी ओतारींनी थांबवलं. "ही खूण आमच्याकडे वेगळी आहे," म्हणाले, पण अर्थ लागला. मंडळातले एक सदस्य सुरुवातीला घड्याळ बघत होते, ते आता खुर्ची पुढे ओढून बसले. माझे हात मांडीखाली बधिर झाले होते, आणि मला विजयाची चाहूल लागली होती.

मग आई माझ्या जन्मानंतरचं सांगू लागली. मी आठ-नऊ महिन्यांची असताना शेजारच्या काकूंनी माझ्या पाठीमागे थाळी वाजवून पाहिली, मी ऐकते का ते. हा किस्सा आई नेहमी हसत सांगायची. फितीतही ती हसत होती.

ओतारींनी फीत थांबवायला सांगितली. मागे घ्यायला सांगितली. पुन्हा पाहिली. या वेळी ते हसले नाहीत.

"ते म्हणतात," शेडबाळेबाई सावकाश म्हणाल्या, "मुलगी थाळीकडे वळली. तिला ऐकू येतं हे कळलं. आई रडली. मुलगी तिकडे गेली, मी इकडे राहिले."

सरांनी पान पाहिलं. मग वर पाहिलं.

"इथे तसं नाही." त्यांनी माझं वाक्य वाचलं. "'मुलगी शेजारणीकडे वळली. मला आनंदाने रडू आले.' दिवटे?"

 मला हात मांडीखालून काढायचंही सुचलं नाही.

"आनंद कुठंय यात?" सरांनी ओतारींना विचारलं.

ओतारी उठून टीव्हीजवळ गेले. शेडबाळेबाई त्यांचं बोलणं सांगत राहिल्या. "बाई हसते आहे ती आत्ताची. सांगताना हसते. पण इथं बघा, तिनं खांदा वळवला. आता ती तेव्हाची झाली. तेव्हाचा चेहरा एवढाच, क्षणभर. हा हसरा आहे का? आणि शेजारीण आणि ऐकणारी माणसं तिनं आधीपासून या बाजूला ठेवलीत. मुलगी वळली म्हणून तिनं हात त्या बाजूला नेला, आणि परत आणलाच नाही. मुलीला तिथंच सोडलं."

चित्र थांबवलेलं होतं. पडद्यावर आईचा खांदा वळलेला, चेहरा मी कधी न पाहिलेला. म्हणजे पाहिलेला, शेकडो वेळा. पण हसण्याच्या दोन टोकांमध्ये तो इतका लहान असायचा, की मी तो वाचलाच नव्हता.

"म्हणजे भाषांतर चुकलंय," घड्याळवाले सदस्य म्हणाले. त्यांचा सूर आता संपवू या असा होता.

"चुकलंय," हुदलीकर सर म्हणाले. ते उभे राहिले होते. "आणि कसं चुकलंय ते बघितलंत ना? घरात वाढलेल्या मुलीला जे दिसलं नाही, ते लांबून आलेल्या माणसानं फीत मागे घेऊन दाखवलं. कुठल्या खांद्यावर, कुठल्या बाजूला, बोट ठेवून दाखवलं. नुसत्या हातवाऱ्यांत चूक निघते का? चूक काढायला आधी बरोबर काय ते ठरलेलं असावं लागतं." ते माझ्याकडे वळले. "मी फीत का मागतो, हे इतकं स्वच्छ मला कुणी दाखवलं नव्हतं. हात काढा मांडीखालून, दिवटे. आणि ते वाक्य दुरुस्त करून द्या."

नव्या कलमाचा मसुदा त्यांनी स्वतःच तिथं बसून लिहिला. मी सुचवलेलं 'किंवा चित्रफीत' त्यांना पुरेसं वाटलं नाही. त्यांनी 'बोलण्याची' हा शब्दही खोडला आणि 'भाषिक व्यवहाराची' असं घातलं. मग थोडं थांबून 'बोलण्याची' परत लिहिलं.

"का, सर?" बेळवी मॅडमनी विचारलं.

"बोलतातच की ते," सर म्हणाले.

जाताना ओतारी माझ्याशी बोलले. कुणी मध्ये नव्हतं, गरज नव्हती. "आईला माझा नमस्कार सांग," म्हणाले. "छान बोलते. जुन्या वळणाचं."

त्या रात्री मुक्कामाला न थांबता मी घरी गेले. अप्पा पाळीवर होते. आई कांड्या भरत बसली होती. नियम बदलणार हे सांगितल्यावर तिनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग विचारलं, "तोंड असं का, मग?"

मी थाळीचा किस्सा काढला. ओतारींनी जे दाखवलं ते तिला करून दाखवलं. खांदा वळवला, हात तिकडे नेला, तिथंच सोडला.

आईनं चाक थांबवलं.

"बरोबर सांगितलं त्यानं," ती म्हणाली.

"मला कधी सांगितलं नाहीस."

"रोज सांगत होते. तू हसत होतीस." तिनं खांदे उडवले. तक्रार नव्हती त्यात. "भीती वाटली. सगळ्या बायका आनंदल्या. पेढे आणले. मला वाटलं, ही त्यांची झाली. मोठी होईल, त्यांच्याशी बोलेल, मला बिचारी म्हणेल. सासूबाई म्हणाल्या, मुलीला माझ्याकडे ठेवते, नाहीतर बोलायला शिकणार नाही. मी नको म्हणायला पाहिजे होतं. पण खरंच वाटत होतं, की त्यांचं बरोबर असेल."

"मग? ठेवलंस मला आजीकडे?"

"ठेवणार होते. कपडे बांधले होते."

"मग?"

आई आठवत हसली. या वेळी मी चेहरा सोडला नाही. हे हसू आत्ताचंही होतं आणि तेव्हाचंही.

"सासूबाई न्यायला येणार त्या सकाळी तू पाळण्यात उठून बसलीस. माझ्याकडे बघितलंस आणि मूठ उघडून मिटलीस. दूध. रडली नाहीस. मला रडणं कळत नाही, हे तुला आधीच कळलं होतं. मूठ उघडलीस, मिटलीस. दूध. वर भुवया."

"भुवया पण?"

"हो. प्रश्न विचारलास. दूध आहे का, असं."

मला हसू आलं, डोळेही भरून आले. आईनं पुन्हा चाक हातात घेतलं, पण फिरवलं नाही.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"दूध दिलं. कपडे सोडले, घडी करून पेटीत ठेवले. आणि तुला कुशीत घेऊन झोपले. तू झाल्यापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता माझा, रडलीस तर कळणार कसं म्हणून. त्या दिवशी दुपारी भांडी तशीच टाकून झोपले. सासूबाई दार वाजवून वाजवून परत गेल्या."